पुंगळी काढल्यावर

‘इंदोरी’ म्हटलं की खवय्यांना पोहे आठवतात. बुलेटच्या गॅरेजात हाच शब्द काढला तर मिस्त्री सायलेन्सर पुढे करतो. ‘पंजाबी’, ‘डॉल्फिन’, ‘मेगाफोन’, ‘शॉर्ट बॉटल’, ‘वाइल्ड बोअर’ ही त्याच भावकीतली इतर मंडळी. पुण्यातल्या नाना पेठेपासून तालुक्याच्या गावातल्या गॅरेजपर्यंत ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. कुणाचा आवाज खर्जातला, कुणाचा फाटका, कुणाचा थेट फटाक्यांच्या माळेसारखा. ज्याला नवा सायलेन्सर परवडत नाही तो स्वस्तातला मार्ग धरतो आणि ‘पुंगळी काढून’ घेतो. पुंगळी म्हणजे कंपनीच्या सायलेन्सरच्या आत बसवलेली नळी आणि जाळी. काही गाड्यांत एखादा बोल्ट सोडला की ती हातात येते, काहींत वेल्डिंग कापावं लागतं.

गाडी गॅरेजातून बाहेर पडते तेव्हा मालकाच्या दोन समजुती झालेल्या असतात. एक, आवाज वाढला. दुसरी, इंजिन ‘मोकळं’ झालं, आता पिकअप वाढणार. पहिली खरी असते. दुसरी बहुतेक वेळा खोटी, आणि ती इतकी टिकून राहण्याचं कारणही पहिलीतच आहे: कानाला जोर जाणवला की माणूस तो चाकातही आहे असं धरून चालतो.

ज्या धडधडीसाठी हा खटाटोप चालतो, तिचं मूळ इंजिनच्या मापांत आहे. १९५५पासून मद्रासशी नातं जडलेल्या जुन्या ३५० सीसी बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला ९० मिलिमीटर. अरुंद आणि उंच सिलिंडरचं असं इंजिन फार वेगाने फिरत नाही, पण कमी फेऱ्यांत चांगलं ओढतं. जोडीला जड फ्लायव्हील असल्याने अगदी मंद आयडलिंगलाही ते बंद पडत नाही. चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. मिनिटाला ९०० फेऱ्या धरल्या तर ४५० स्फोट, म्हणजे सेकंदाला साडेसात. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण वीसपर्यंतचे ठोके सुटे सुटे ऐकू येतात, त्यापुढे ते एकमेकांत मिसळून त्यांचा सूर होतो. म्हणून चौकात उभी असलेली बुलेट ठोके मोजत असल्यासारखी वाटते आणि हमरस्त्यावर ४,००० फेऱ्यांना तीच गाडी सेकंदाला तेहतीस स्फोटांनी गुरगुरू लागते. यामाहा आरएक्स १०० दोन-स्ट्रोक. तिच्यात प्रत्येक फेरीला स्फोट. ७,५०० फेऱ्यांना सेकंदाला १२५. तिची ती चिरकी, चढत जाणारी किंकाळी या आकड्यातूनच येते. कोणताही सायलेन्सर बसवला तरी आरएक्स बुलेटसारखी बोलणार नाही आणि बुलेट आरएक्ससारखी.

हार्ली-डेव्हिडसनने तर आपल्या आवाजावर मालकी सांगण्याचा प्रयत्न केला. तिच्या इंजिनात ४५ अंशांत बसवलेले दोन सिलिंडर एकाच क्रँकपिनवर चालतात, त्यामुळे दोन स्फोटांमधलं अंतर सारखं राहत नाही: एकदा ३१५ अंश, एकदा ४०५ अंश. लंगडत पळणारी ती लय कंपनीने १९९४ साली अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला दिली. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी हरकती घेतल्या. असं इंजिन कुणीही बनवलं तर आवाज तसाच येणार, मग तो एकीच्याच मालकीचा कसा, हा त्यांचा सवाल. २०००मध्ये हार्लीने अर्ज मागे घेतला.

आता सायलेन्सरच्या आत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधल्या जळक्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो आणि तापमान शेकडो अंश. हा वायू बेंड पाइपमध्ये घुसतो तो दाबाचा एक तीव्र ठोका घेऊन. तो जसाच्या तसा बाहेर पडला तर बंदुकीच्या बारासारखा ऐकू येतो. बंदुकीचं नाव इथे उगाच आलेलं नाही. गाडीच्या मफलरचं सुरुवातीचं एक पेटंट अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली घेतलं. पुढे बंदुकीचा सायलेन्सर बनवून १९०९मध्ये पेटंट मिळवणाऱ्या हायरम पर्सी मॅक्सिम यांनी इंजिनांसाठीही सायलेन्सर बनवले. मशीनगनचा शोध लावणाऱ्या हायरम मॅक्सिम यांचे ते चिरंजीव. बापाने केलेला आवाज मुलाने कमी केला म्हणायचं.

दोन्हीकडची युक्ती एकच: दाबाला एकदम बाहेर न सोडता टप्प्याटप्प्याने सोडायचं. त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला, वायूला लहान-मोठ्या कप्प्यांतून फिरवायचं. अरुंद नळीतून मोठ्या कप्प्यात शिरताना ध्वनिलहरीचा काही भाग मागे परततो आणि कप्प्यांची लांबी-रुंदी नेमकी असेल तर परतलेल्या लहरी नव्याने येणाऱ्या लहरींना छेद देतात. खालच्या पट्टीतले आवाज असे मारले जातात. दुसरा मार्ग छिद्रांच्या नळीभोवती काचेच्या तंतूंचा कापूस भरण्याचा. त्यातून जाताना ध्वनीची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलते. वरच्या पट्टीतली करकर, फटफट इथे संपते. पुंगळी काढली की बहुधा हाच दुसरा भाग जातो किंवा कप्प्यांमधला अडसर मोडतो. गंमत अशी की बुलेटप्रेमींना हवी असते खर्जातली धडधड, आणि जाळी काढल्यावर सर्वाधिक वाढतो तो नेमका नको असलेला, कानात शिरणारा फाटका आवाज. ठोका तितकाच राहतो, त्याच्या भोवतीचं मऊपण जातं.

पिकअपचं काय? वायूला अडथळा कमी झाला तर इंजिनला श्वास सोपा होणार, हा तर्क वरवर बिनतोड दिसतो. अडथळा कमी असलेला बरा, हे खरंच आहे. पण पाइपमध्ये वायूबरोबर लहरीही धावत असतात. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या वर जातो. दाबाची लहर पाइपच्या उघड्या टोकाशी पोचते, तिथून ती उलटी होऊन, म्हणजे कमी दाबाची बनून, व्हॉल्व्हकडे परत येते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आणि इनलेट व्हॉल्व्ह उघडत असतानाच्या क्षणभरात ती पोचली तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताजं मिश्रण आत यायला मदत करते. वेळ चुकली तर काम उलटं होतं. ही वेळ पाइपच्या लांबीवर, कप्प्यांच्या आकारावर आणि इंजिनच्या फेऱ्यांवर ठरते. कंपनीच्या अभियंत्यांनी ती बहुधा रोज वापरल्या जाणाऱ्या मधल्या फेऱ्यांसाठी जुळवलेली असते. आतलं नळकांडं उपटल्यावर ही जुळवाजुळव विस्कटते आणि अनेकदा खालच्या गिअरमध्ये, चढावर, डबल सीट असताना गाडीची ओढ कमी झालेली आढळते. मालकाला ती जाणवत नाही, कारण आवाज भलताच वाढलेला असतो.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांत आणखी एक भानगड होते. हवेचा प्रवाह बदलला, पेट्रोलचा जेट मात्र जुनाच. मिश्रण पातळ पडतं, इंजिन जास्त तापतं, प्लग काढून पाहिला तर पांढरा झालेला असतो. जाणकार मिस्त्री म्हणूनच सायलेन्सरबरोबर जेटही बदलायला सांगतो. शर्यतीच्या गाड्यांसाठी बनणारे उत्तम दर्जाचे एक्झॉस्ट ही निराळी गोष्ट. स्लोव्हेनियातल्या आक्रापोविचसारख्या कंपन्यांचे टायटॅनियमचे पाइप मूळ सायलेन्सरपेक्षा बरेच हलके असतात, त्यांची मापं चाचणीतून ठरतात आणि सोबत इंजिनचं इंधन-गणितही नव्याने लावलं जातं. तिथे वाढणारी अश्वशक्ती खरी असते. टपरीवजा गॅरेजात ग्राइंडरने कापलेल्या पुंगळीशी तिचा काही संबंध नाही.

पाइपचा आकार हा इंजिनचाच एक अवयव कसा असतो, हे सर्वांत लख्ख दिसतं ते दोन-स्ट्रोक गाड्यांत, आणि त्यामागे शीतयुद्धातली एक पळापळ आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन क्षेपणास्त्रांच्या कामावर असलेले वॉल्टर काडेन युद्धानंतर पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत मोटरसायकल शर्यतींचा विभाग सांभाळू लागले. दोन-स्ट्रोक इंजिनात धूर बाहेर जायचं आणि ताजं मिश्रण आत यायचं दार जवळजवळ एकाच वेळी उघडं असतं, त्यामुळे बरंचसं न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर निघून जातं. काडेन यांनी एक्झॉस्टला फुगीर पोट दिलं: आधी रुंदावत जाणारा शंकू, मग निमुळता होणारा दुसरा. पहिला शंकू कमी दाबाची लहर पाठवून सिलिंडर रिकामा करतो. दुसऱ्यावरून परतलेली जास्त दाबाची लहर निसटू पाहणारं मिश्रण पुन्हा आत ढकलते, आणि तेवढ्यात पिस्टन दार लावून घेतो. १९६१पर्यंत त्यांचं १२५ सीसीचं इंजिन लिटरमागे २०० अश्वशक्तीच्या हिशेबाने ताकद देत होतं, जे त्या काळी नवलच होतं.

त्या वर्षी काडेन यांचा चालक एर्न्स्ट डेग्नर जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. सप्टेंबर १९६१मध्ये स्वीडनच्या शर्यतीनंतर तो पूर्व जर्मनीला परतलाच नाही. त्याच्या बायकामुलांना मोटारीच्या डिकीत लपवून पश्चिमेकडे आणलं गेलं होतं. डेग्नर सुझुकीत दाखल झाला, काडेन यांची विद्या सोबत घेऊन, आणि १९६२ साली सुझुकीने ५० सीसी गटाचं जगज्जेतेपद त्याच्यासह पटकावलं. त्यानंतर जपानी दोन-स्ट्रोक गाड्यांनी जगाच्या बाजारात घातलेला धुमाकूळ सर्वांना ठाऊक आहे. १९८५पासून दहा-अकरा वर्षं भारतात बनलेल्या आरएक्स १००च्या पाइपातही हेच लहरींचं गणित आहे. तिचा पाइप कापून ‘मोकळा’ करणारा माणूस त्या गणितालाच हात घालत असतो.

फटाक्यांचा प्रकार याहून सोपा आणि जास्त निर्बुद्ध. धावत्या गाडीची ठिणगी स्विचने तोडायची आणि थ्रॉटल उघडा ठेवायचा. इंजिन फिरतच असतं, न जळलेलं पेट्रोल आणि हवा तापलेल्या पाइपात साठतात. ठिणगी परत जोडली की तो साठा सायलेन्सरमध्ये पेटतो, आणि रिकाम्या पाइपातून बार निघतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पाइप जळण्यापलीकडे फारसं नुकसान होत नसे. १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या गाड्यांत एक्झॉस्टच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा थर दिलेल्या या जाळीत पेट्रोल पेटलं तर ती तापून वितळू शकते. ज्या गाड्यांत कन्व्हर्टर सायलेन्सरच्याच पोटात असतो, तिथे सायलेन्सर बदलला की तोही गेला, आणि आवाजाबरोबर विषारी धूरही वाढला.

आवाज किती वाढतो? डेसिबलचा आकडा इथे फसवतो, कारण ही पट्टी गुणाकाराची आहे. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, वीसची म्हणजे शंभरपट. एकाच अंतरावरून मोजल्या तर १०० डेसिबलची एक गाडी ८० डेसिबलच्या शंभर गाड्यांएवढी ऊर्जा फेकते. कानाला ती शंभरपट मोठी वाटत नाही, अंदाजे चौपट वाटते. कान असे दयाळू आहेत. शिवाय सरकारी मोजमापात वापरली जाणारी ‘ए’ पट्टी खर्जातल्या आवाजाला भरपूर सूट देते. ५० हर्ट्झच्या सुराचे तीस डेसिबल ती वजा करते. म्हणजे खऱ्याखुऱ्या धडधडीवर कायद्याचा फारसा राग नाही. मीटरची सुई चढते ती पुंगळी काढल्यावर सुटलेल्या फाटक्या आवाजाने. अर्थात खर्ज भिंतीतून सहज आरपार जातो, त्यामुळे दारं-खिडक्या लावून झोपलेल्याला आकड्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

नव्या दुचाकीला आवाजाची मर्यादा आहे: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५पर्यंत ७७ आणि त्यावर ८०. तिची चाचणी शांत, मोकळ्या धावपट्टीवर होते. गाडी ठराविक वेगाने येते, वीस मीटरच्या पट्ट्यात थ्रॉटल पूर्ण उघडला जातो आणि मार्गापासून साडेसात मीटरवरचा मायक्रोफोन सर्वांत मोठा आवाज टिपतो. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था देशभरच्या कंपन्यांच्या गाड्या अशा कसोट्यांवर घासून पाहते. ही सगळी काटेकोर कसोटी गाडीच्या नमुन्याची. गाडी विकली गेल्यावर पुढची पंधरा वर्षं तिचा आवाज नियमाने मोजणारं कुणी नाही. पीयूसी केंद्रात सायलेन्सरमध्ये नळी खुपसून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात. आवाजाचा मीटर तिथे नसतो. कानठळ्या बसवणारी बुलेट पीयूसीचं वैध प्रमाणपत्र खिशात ठेवून फिरू शकते, हे आपल्या व्यवस्थेतलं सर्वांत मोठं भोक.

कायदा मात्र कमी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२०वा नियम प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा करतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर ध्वनी आणि वायुप्रदूषणाच्या गुन्ह्याला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने लायसन्स रद्द, अशी तरतूद आहे. नियमाबाहेर गाडीत फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजारांचा दंड होऊ शकतो. कंपनीच्या मूळ रचनेच्या विरोधात बदल करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. अधूनमधून शहरोशहरी पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावर रोडरोलर चालवतात. छायाचित्रं छापून येतात, आणि दुकानं तशीच उघडी राहतात.

मोठ्या आवाजाच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास होतो: आवाज ऐकून गाडीवाले सावध होतात, जीव वाचतो. हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातले ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ साली अहवाल दिला. त्यात दिसलं की धोका सुमारे ७७ टक्के वेळा समोरून आलेला असतो, घड्याळाच्या अकरा ते एकच्या टापूतून. सायलेन्सरचं तोंड असतं मागे. कॅनडातल्या वेस्टर्न युनिव्हर्सिटीतल्या ज्युली एटकेन शर्मर यांच्या २०२३च्या अभ्यासात वेगळाच प्रश्न होता: मोठ्या आवाजाची मोटार कुणाला हवीशी वाटते? ५२९ विद्यार्थ्यांच्या उत्तरांत ही आवड पुरुषांमध्ये आणि इतरांना त्रास देण्यात मजा वाटणाऱ्या, सहानुभूती कमी असलेल्या स्वभावात जास्त आढळली. अभ्यास मोटारींचा, विद्यार्थी परदेशातले. तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक बुलेटवाल्याला तो लावू नये. एखाद्याला लागू पडत असेल तर गल्लीला ते आधीच माहीत असतं.

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताने जून २०२०पासून आउसरफेर्न भागातल्या काही निसर्गरम्य रस्त्यांवर उन्हाळ्यात ९५ डेसिबलपेक्षा जास्त आवाजाच्या मोटरसायकलींना बंदी घातली. आकडा पाहिला जातो तो नोंदणीच्या कागदावर छापलेला, उभ्या गाडीचा. त्यामुळे कंपनीतून आली तशीच असलेली, पूर्ण कायदेशीर गाडीही अडवली जाते. पॅरिसमध्ये ‘मेड्यूज’ नावाचं चार मायक्रोफोनचं यंत्र खांबावर बसतं, आवाज नेमका कुठल्या वाहनातून आला हे शोधतं आणि कॅमेरा त्याची नंबरप्लेट टिपतो. तिथली प्रस्तावित मर्यादा ८५ डेसिबल, दंड १३५ युरो. रात्री पॅरिसभर फिरणारी सायलेन्सर नसलेली एक स्कूटर दहा हजार लोकांची झोपमोड करू शकते, असा हे यंत्र बनवणाऱ्या ब्रुइपारिफ संस्थेचा अंदाज. मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२०मध्ये ८५ डेसिबलच्या वर गोंगाट गेला की लाल दिवा लांबवणारे सिग्नल दाखवले होते, पण ते चौकातल्या सगळ्यांचा आवाज एकत्र ऐकायचे आणि शिक्षाही सगळ्यांना एकत्र द्यायचे. लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सातला मेड्यूज टांगलं तर शंभर हॉर्नच्या गर्दीत त्याने नेमकी कोणती दुचाकी निवडावी, हा प्रश्न अजून कुणी सोडवलेला नाही.

तोवर भिस्त वाहतूक पोलिसाच्या कानावर. गाडी अडवली जाते, सायलेन्सर उतरवला जातो, दंड भरून आणि मूळ सायलेन्सर लावून ती सोडवावी लागते. म्हणून पुंगळीवाला सायलेन्सर बसवताना अनुभवी मिस्त्री कंपनीचा जुना सायलेन्सर गोणपाटात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हाती देतो आणि तो भंगारात घालू नका असं बजावतो.